चार बोटं अंतर

फणसाच्या फळीची पेटी. उजवीकडे उभी दांडी,
डावीकडे जुन्या फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा
आडवा वळसा, कानाच्या पाळीसारखा.
उजव्या हाताने सूर धरायचा,
डाव्याने त्याला किती मोठं व्हायचं ते सांगायचं.
हात कशालाच लावायचा नाही.
वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात हे थेरेमिन
तीन महिने पोट उघडं टाकून पडलं होतं.

फिलूबाय रॉड्रिग्जने करायला सांगितलेलं.
चाळीस वर्षं चर्चमध्ये व्हायोलिन, आता पेरं
सुपारीएवढी. तार दबत नाही.
"दाबूक लागणा नाय असा कायतरी कर," म्हणाली.

पहिल्यांदा केलं ते माझ्या अकलेने:
हात वळशाजवळ आला की आवाज वाढेल,
लांब गेला की शून्य.
कोणी नसलं की यंत्र गप्प.
बाय चहाला उठली तरी वर हरमलकरांची झोप शाबूत.
मेकॅनिकला असंच सुचतं,
बंद ही मूळ स्थिती, चालू हा खर्च.

तिने डावा हात पुढे नेला. मागे घेतला.
"उलटा केलंस," म्हणाली.
"रडणारा पोर हात ठेवलो काय गप होता मा?"

मी वाद घातला. म्हटलं, बाय,
मग तू दाराबाहेर पडलीस की हे बोंब मारत बसेल.
"मारूंदे. माणूस गेल्यार
बोंब मारूकच होयी."

दोन टोकं अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली.
खरं काम त्यापुढचं.

हात खाली येताना आवाज संपावा कुठे?
वीतभर वर संपवला तर दंड अवघडत नाही,
पण सगळं हळू वाजणं एका बोटाच्या जाडीत कोंबलं जातं,
हात जरा थरथरला की ओरडणं, नाहीतर काहीच नाही.
फार खाली नेला तर पेरं तांब्यावर आपटतात.
शेवटी चार बोटं ठरली.
तिची. माझी जाड.

आणि किती पटकन?
लहान कपॅसिटर घातला तर प्रत्येक सुराच्या तोंडाशी
टक्, सुंगटाचं डोकं मोडल्यासारखं.
मोठा घातला तर सूर सुटतच नाही,
चिखलातून ओढलेल्या होडीसारखा मागून घसटत येतो,
एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
सगळी मिळून एकच मींड.
तिला मध्ये फट हवी होती.
"श्वास घेवूक जागा ठेव," एवढंच.
सतरा बदलले. अठरावा कुणाच्या तरी
न नेलेल्या टेपरेकॉर्डरमधला,
खाऱ्या हवेने पाय हिरवे पडलेला.
तो बसला.

हवेचं मात्र माझ्याकडे औषध नाही.
भरतीबरोबर वारा दमट झाला की फणस फुगतो,
चार बोटांची साडेपाच होतात.
तिने येऊन आधी एक बटण पिळायचं,
आपलं शून्य पुन्हा शोधायचं.
पहिल्या रविवारी तर ती तेवढंच करत बसली.
हात चार बोटांवर धरून, मान कलती,
एकही सूर न वाजवता कितीतरी वेळ.
मी विचारलं, काय बिघडलं?
बोट ओठांवर नेलं तिने. उजव्या हाताचं.
डावा तिथेच.

काल ती गेल्यावर स्विच बंद करायचा राहिला.
शटरकडे निघालो तर पाठीमागे आवाज उठला,
जितका लांब जातोय तितका मोठा,
आणि खोल, खर्जात उतरत जाणारा.
वर हरमलकरांचा दिवा लागला.
परत आलो. आधी स्विच दाबायचा सोडून
तळहात वळशावर धरला, चार बोटं, माझ्या हिशोबाने पाच.
गप झालं.
मग तो हात तसाच ठेवून दुसऱ्याने
स्विच चाचपत राहिलो, आणि आत कुठेतरी
बारीक, अगदी बारीक, सूर वर वर चढत गेला,
कारण स्विच मी बसवलाय उजव्या बाजूला,
दांडीच्या मागे.
तीही माझीच अक्कल.